दीड तासानंतर दुखणारा हेडफोन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात गेल्या पाच वर्षांत चार हेडफोन आले. चौघांचीही खोड एकच. पहिला अर्धा तास लाडाचा, आणि दीड तास झाला की काढून भिरकवावासा वाटतो. दर वेळी 'हा स्वस्तातला होता, पुढचा बरा घेऊ' असं म्हणत मी हजार-दीड हजार वाढवत गेलो. चौथा साडेपाच हजारांचा निघाला, खास गेमिंगचा, वाट्यांवर रंगीत दिवे लागणारा. दिवे अजून झकास लागतात.

उलगडा झाला तो एप्रिलमधल्या एका रात्री. भाचा उज्जैनहून इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आलाय. त्याला गेम खेळायला हा हेडफोन लागतो. बाबांना रात्री गाणं ऐकायला लागतो आणि मला कामाचे व्हिडिओ कापताना. जेवणं झाल्यावर तिघांनी मिळून हेडफोनला शिव्या घातल्या आणि मी सहज विचारलं, "नक्की कुठे दुखतं?" मी टाळूवर बोट ठेवलं. बाबांनी कानामागे, चष्म्याच्या काडीपाशी. भाच्याने कानाची वरची कडा धरून दाखवली, ती लालबुंद झालेली. हेडफोन एकच, डोकी तीन, दुखणी तीन. म्हणजे मी पाच वर्षं पैसे वाढवत होतो, पण दुखतं कुठे ते एकदाही बघितलं नव्हतं.

तुमच्याकडेही असंच वारंवार होत असेल, तर नवा घेण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवा.

आधी घड्याळ लावा

हेडफोन घातल्याची वेळ लिहा, दुखायला लागल्याची लिहा, काढल्यावर किती वेळात थांबलं तेही लिहा. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीला वेगळी जागा आहे. घट्ट हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, डोक्याला आवळून बांधलेलं काहीही. तिची ओळख सोपी आहे: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखू लागतं, जिथे दाब असतो तिथे सगळ्यात जास्त दुखतं आणि दाब काढला की तासाभरात थांबतं. तुमची वही असंच सांगत असेल तर गुन्हेगार हेडफोन. काढून दोन तास झाले तरी कपाळ ठणकत असेल, तर मान, डोळे, झोप यांची चौकशी करा. कानात शिट्टी वाजत राहणं, कमी ऐकू येणं किंवा कान वाहणं असेल, तर पुढचं वाचत बसू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा.

एकाच बाजूला दुखत असेल तर आधी वायर बघा. जाड वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत असली की डावी वाटी सतत खाली ओढली जाते. कपडे वाळत घालायचा चिमटा घेऊन वायर सदऱ्याला अडकवा. फुकटचा उपाय आहे आणि निम्म्या लोकांचं काम त्यातच होतं असा माझा अंदाज आहे.

टाळू

माझं दुखणं. इथे वजन आणि पट्टी या दोन गोष्टी बघायच्या. आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचा हेडफोन ठेवला, वायर हातात उचलून धरली, तर ३५६ ग्रॅम. तुलनेसाठी: सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा आहे, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो तेवढाच, हायपरएक्सचा क्लाउड टू ३०० ग्रॅमच्या थोडा वर. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स तर ३८५ ग्रॅमच्या आसपास, पण त्याच्या वरच्या पट्टीत जाळी ताणलेली आहे, त्यामुळे भार एका रेषेवर न पडता पसरतो. म्हणून नुसतं वजन वाचून ठरवू नका. पाठीवरचं दप्तर आठवा. रुंद पट्ट्यांचं जड दप्तर चालतं, सुतळीने बांधलेलं हलकं गाठोडं खांद्यात रुततं.

माझ्या हेडफोनच्या पट्टीखाली बोटभर रुंद स्पंज होता आणि वर्षभरात तो पापडासारखा बसलेला. पहिल्यांदा मी त्यावर स्वेटरची जुनी बाही गुंडाळली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, कारण टाळूचा जो मधला बिंदू दुखत होता त्यावरच मी आणखी जाडी चढवली होती. मग आईने बाही उसवली, तिच्या दोन छोट्या गुंडाळ्या केल्या आणि पट्टीच्या मध्यापासून डावी-उजवीकडे अशा शिवल्या की मधे चार बोटं मोकळी राहतील. आता भार टाळूच्या दोन बाजूंना जातो, मधल्या जागेला काही टेकतच नाही. बाजारात चेन लावायची तयार आवरणं मिळतात. ती घेतलीत तरी मधे पोकळी राहील असं बघा.

भाच्याने मोबाइलवर 'हेडफोनने डोक्याला खड्डा पडतो' असं काहीतरी बघितलं होतं आणि तो रोज आरशात चाचपत होता. कवटीला काही होत नाही. केस दबतात, कातडी तात्पुरती दबते, अंघोळ केली की जैसे थे.

आवळणं, आणि दिवाळी अंकांचा उपाय

कानशिलावर, जबड्याच्या सांध्यापाशी दोन्हीकडून चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर ती पट्टीची पकड. नवा हेडफोन घट्टच असतो. सेनहायझरचा एचडी ६०० याबाबत प्रसिद्ध आहे, नवा असताना शिकंजा आणि वापरून सैल झाला की दागिना. हे सैल होणं घरी लवकर घडवून आणता येतं.

डोक्याची रुंदी मोजा. भिंतीला टेकून बसा आणि दोन्ही कानांच्या वर एकेक पुस्तक उभं धरून घ्या. दोन पुस्तकांमधलं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. माझं साडेपंधरा सेंटिमीटर भरलं. आता तेवढ्याच जाडीच्या गठ्ठ्यावर हेडफोन चढवून ठेवा आणि मग थोडं थोडं वाढवा. ठोकळ्यापेक्षा अंक बरे, कारण एकेक घालता येतो. आमच्याकडे बाबांचे जुने दिवाळी अंक कपाटभर आहेत. पहिल्या रात्री १६ सेंटिमीटर, दुसऱ्या रात्री १७. सकाळी घालून बघायचं, लगेच आणखी ताणायचं नाही.

दोन पथ्यं. पट्टीत पोलादी पात असेल तरच हा उद्योग करा. पूर्ण प्लास्टिकची किंवा घडीची बिजागरी असलेली असेल तर ती सैल न होता एक दिवस कट्कन मोडते. आमच्याकडचा दुसरा हेडफोन असाच स्वर्गवासी झाला. आणि हावरटपणा नको. पकड फार गेली की वाटी कानाभोवती नीट बसत नाही, मान वळवली की हेडफोन घसरतो आणि खालचे स्वर निसटतात.

कानाची कडा: पावडरची परीक्षा

भाच्याचे कान सुपासारखे आहेत, त्याला हे मी तोंडावर सांगतो. वाट्या त्याच्या कानाभोवती बसत होत्या, पण आत, जिथे आवाज निघतो त्या जाळीवरच्या कापडाला, कानाची कडा टेकत होती. हे घालणाऱ्याला कळत नाही. त्याला फक्त 'गरम होतं' एवढंच कळतं. शोधायची युक्ती: कानाच्या वरच्या कडेला टाल्कम पावडर लावा, हेडफोन घालून पाच मिनिटं बसा, हळूच काढा आणि आतलं काळं कापड बघा. पांढरा ठिपका दिसला की कान टेकतोय. त्याच्या उजव्या बाजूला अक्षरशः अर्धचंद्र उमटला होता.

विकत घेताना लोक वाटी 'कानाभोवतीची' की 'कानावरची' एवढंच बघतात. पण कानाभोवतीच्या वाटीतही दोन मापं असतात: आतल्या मोकळ्या जागेची उंची आणि खोली. कंपासपेटीतली पट्टी घेऊन कानाची उंची मोजा. माझी ६४ मिलिमीटर, बाबांची ७३. वय वाढतं तसा कानही लांबतो, हे खरंच होतं. गोल भोकाची वाटी लांब कानाला अपुरी पडते, तिथे उभट लंबगोल हवी. खोली मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा स्टुडिओवाल्यांचा लाडका हेडफोन आहे, आवाज स्वच्छ, पण त्याची मूळ कुशनं उथळ; सुपासारख्या कानवाल्याने तो घातला तर तासाभरात कळतं.

भाच्यासाठी दोन उपाय केले. मूळ कुशन काढून त्याच्या बाहेरच्या कडेखाली जाड सुती दोरीचं वेटोळं बसवलं, त्यामुळे कुशन चार-पाच मिलिमीटर उचललं गेलं. याने आवाज थोडा बदलतो, कारण कान जाळीपासून लांब जातो. गेममधल्या पावलांचा आवाज आधी डावीकडून यायचा तो अजूनही डावीकडूनच येतो, एवढं त्याला पुरे होतं. पुढे कुशनच बदलली.

चष्मा आणि हरवलेला खर्ज

बाबांची तक्रार दुहेरी होती. कानामागे दुखतं, आणि "तानपुरा पातळ वाटतो." ही दुसरी तक्रार मी वयावर ढकलली होती. बाबा उस्ताद अमीर खाँचे भक्त; इंदूरच्या या बुवाचा अतिविलंबित झूमरा ताल, चौदा मात्रांचं एकेक आवर्तन सावकाश भरत जातं, त्यात घाई करणारा हेडफोन चालत नाही. त्यांच्या चष्म्याच्या काड्या जाड प्लास्टिकच्या. कुशन त्या काडीला हाडावर दाबत होतं, म्हणून दुखणं. आणि काडीच्या वर-खाली कुशन उचललं जाऊन फट पडत होती. बंद हेडफोनमध्ये खालचे स्वर टिकतात ते वाटीची हवा कोंडलेली राहते म्हणून. फट पडली की सगळ्यात आधी तेच जातात. दुखणं आणि पातळ तानपुरा, दोन्हीचं मूळ एकाच काडीत.

"बाबा, गाणं ऐकायला चष्मा कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "कोण वाजवतंय साथीला ते दिसायला नको?" चष्मा काढून ऐकवलं. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "खर्ज आला."

ज्यांना चष्मा काढणं शक्य नाही, म्हणजे गेम खेळणारे सगळे, त्यांनी बारीक तारेच्या काड्यांची जुनी फ्रेम हेडफोनसाठी वेगळी ठेवावी. काडी कानामागे खोल न बसवता थोडी वर, केसांवर आडवी ठेवली तरी फरक पडतो. कुशन मऊ मखमलीचं किंवा सावकाश दबणाऱ्या मेमरी फोमचं असेल तर ते काडीभोवती स्वतःला जुळवून घेतं. कडक रेक्झिनचं घेत नाही.

रेक्झिन, घाम, कूलर

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. माळव्याची रात्र गार असते असं म्हणतात, पण गच्चीखालच्या खोलीला ते कुणी सांगितलेलं नाही. बंद वाटी, रेक्झिनचं कुशन, आत कोंडलेली हवा. अर्ध्या तासात कानाभोवती पाणी. मखमलीचं कुशन हवा खेळती ठेवतं, कातडीला चिकटत नाही. बदल्यात बाहेरचा आवाज जास्त आत येतो आणि खालचे स्वर जरा हलके होतात. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये आमच्या मॉडेलची मखमली जोडी साडेतीनशेला मिळाली, पाचशेपासून घासाघीस करून.

रेक्झिनचा काळा भुगा कानाला लागतो तो दोष तुमचा नाही. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू तुटत जातो, घाम आणि डोक्याचं तेल त्याला हातभार लावतात. पावसाळ्यानंतर एकदम सोलायला लागतो. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा; स्पिरिट लावू नका, ते आणखी वाळवतं. आणि 'आधी दुखत नव्हतं, आता पुन्हा दुखायला लागलं' असं झालं तर पहिला संशय कुशनवर घ्या. फोम बसला की खोली कमी होते आणि कान पुन्हा जाळीला टेकतो. पावडर पुन्हा लावून बघा.

वाऱ्यासाठी उघड्या पाठीचे हेडफोन उत्तम. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढला तेव्हापासून ही जात आहे: वाटीची पाठ जाळीची, हवा खेळती, कान गरम होत नाहीत, आवाजही मोकळा. पण कूलर! आमचा कूलर सुरू झाला की शेजारचा कुत्रा उठतो. उघड्या हेडफोनमधून कूलरचा आवाज सगळा आत येतो, मग माणूस आवाज वाढवतो, आणि इथे आरामाचा प्रश्न संपून कानाच्या तब्येतीचा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. कूलरवर मात करायला दोन-तीन ठिपके वाढवले की हा हिशेब कुठे जातो बघा. मुलांसाठी माप आणखी कमी, ७५ डेसिबल.

म्हणून मी असा नियम केलाय: कूलर चालू असेल तर बंद वाटी, कूलर बंद तर उघडी. आवाज मारणारी, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगची सोय असेल तर ती कूलर-पंख्याच्या एकसुरी घरघरीवर फार छान चालते. आईच्या हाकेवर चालत नाही. काही जणांना ती सुरू केली की कानात विमानात बसल्यासारखा दडा वाटतो. तुम्हाला तसं होत असेल तर त्यावर पैसे घालवू नका, सवय होईल याची खात्री नाही.

कानात खोचायचे इअरफोन उकाड्यात बरे वाटतात, पण लांब बैठकीला मला ते पटत नाहीत. भोक बंद, आत ओलावा, पावसाळ्यात खाज आणि वेळप्रसंगी बुरशी. वापरायचेच तर रबरी टोपी तिन्ही मापांत लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणं अगदी साधी गोष्ट आहे. त्यापेक्षा हलका, कानावर टेकणारा कॉस पोर्टा प्रो बघा. १९८४ पासून तसाच निघतो. कानाच्या वर कानशिलावर टेकणाऱ्या स्पंजच्या छोट्या गाद्या आहेत आणि दाब कानावर घ्यायचा की कानशिलावर हे एका कळीने ठरवता येतं. दिसायला भंगार बाजारातला वाटतो.

दुकानात

रविवारी संध्याकाळी जेल रोडला जाऊ नका, तिथे उभं राहायला जागा नसते. दुकान उघडल्या उघडल्या जा, स्टूल मागून घ्या. स्वतःचा चष्मा, स्वतःचा मोबाइल आणि पाठ असलेलं गाणं सोबत न्या. वीस मिनिटं घालून बसा, आणि बसल्या बसल्या जबडा हलवा, मान खाली घाला, मागे टेका. मी बसलो होतो तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "भिया, इतनी देर में तो लोग मोबाइल ले के चले जाते हैं।" म्हटलं, मोबाइल डोक्याला लावून चार तास बसायचं नसतं.

वीस मिनिटांत कुठेही बारीकशी जाणीव झाली, तर ती दुसऱ्या तासाला दुखणं होते. मऊ वाटतं का हे विचारू नका. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ. 'विसरायला होतंय का' हे बघा. ऑनलाइन घेणार असाल तर परतीची अट आधी वाचा, कारण बरेच विक्रेते फक्त बिघाड असेल तरच परत घेतात आणि दुखणं हा त्यांच्या लेखी बिघाड नाही.

बिनवायरचा घ्यायचा मोह असेल तर दोन गोष्टी. आत बॅटरी असते, म्हणजे वजन. आणि साध्या ब्लूटूथवर आवाज चित्राच्या मागे पडतो; गाण्याला चालतं, गेमला नाही, तिथे डोंगलवाला (कॉम्प्युटरला खोचायच्या छोट्या तुकड्याने जोडला जाणारा) किंवा वायरचाच.

सध्याची स्थिती अशी. भाच्याकडे दिव्यांचा हेडफोन, दोरी आणि मखमलीसकट. सलग चार तास खेळतो, फक्त तासाला एकदा काढून पाणी प्यायला लावतो आम्ही. मी जुना दुसऱ्या नंबरचा, आईच्या गुंडाळ्या शिवून. म्हणजे तिसऱ्या नंबरचा; दुसरा मोडला ते वर सांगितलंच. बाबांसाठी उघड्या पाठीचा नवा आणलाय, तो अजून घट्ट आहे आणि १७ सेंटिमीटरच्या गठ्ठ्यावर बसलाय. तिसरी रात्र झाली असती, पण गठ्ठ्यातला खालून चौथा अंक त्यांना आजच वाचायला हवा आहे.